पाळी पुढे ढकलायची गोळी चालते, मग दुखण्यावरची का नाही?

गौरी बसायच्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जरा वेळ उभं राहिलं की एकच मागणी पुन्हापुन्हा कानावर येते. "ते... पुढे ढकलायच्या गोळ्या आहेत ना?" दुकानदार जास्त काही विचारत नाही. पट्टी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळतो आणि पुढे सरकवतो. घ्यायला कधी सून आलेली असते, कधी सुनेसाठी सासू, कधी तर चिठ्ठी घेऊन आलेला नवरा. देवाचं काम आहे म्हटल्यावर त्यात कुणालाच वावगं वाटत नाही.

आता समजा, त्याच घरात अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आहे. पाळीचे पहिले दोन दिवस ती कॉलेजला जाऊच शकत नाही. ओटीपोटात कळा येतात, कंबर भरून येते, दुखणं मांड्यांपर्यंत उतरतं, उलट्या होतात. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "एंडोमेट्रिओसिस असावा अशी शंका आहे. तीन महिने गोळ्या घेऊन बघू." चिठ्ठीवर गर्भनिरोधक गोळी असते. मग मात्र घरात कुजबुज सुरू होते. हिचं लग्न व्हायचंय अजून. हार्मोनच्या गोळ्या कशाला? आणि नुसत्या शंकेवर कसलं आलंय औषध?

गौरींसाठी घेतली तीही हार्मोनचीच गोळी होती. नोरेथिस्टेरॉन तिचं नाव. पाळीच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा घेतात. हेच औषध डॉक्टर एंडोमेट्रिओसिसवरही देतात, आणि तेव्हा ते चार दिवस नाही, कित्येक महिने घ्यायचं असतं. म्हणजे वावडं औषधाचं नाही, ते कशासाठी घेतलं त्याचं आहे. ते बाजूला ठेवून आधी दुखणं काय आहे ते पाहू.

बांधाबाहेरची हराळी

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला तर तो त्यात रुजतो. नाही राहिला तर अस्तर सुटून रक्ताबरोबर बाहेर पडतं. ती पाळी.

एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी भलत्या जागी वाढतात. बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागे, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर, क्वचित सिझेरियनच्या व्रणातसुद्धा.

ज्यांनी शेत पाहिलंय त्यांना हे पटकन समजेल. गर्भाशय म्हणजे वाफा. बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन म्हणजे पाटाचं पाणी. त्या पाण्यावर वाफ्यात अस्तर वाढतं. पण बांधाच्या बाहेर हराळी माजली असेल तर पाणी तिलाही पोचतं. (उसाला देतात त्यालाही आपण पाण्याची पाळीच म्हणतो, हा योगायोग मला फार आवडतो.) वाफ्यातलं अस्तर निदान बाहेर तरी पडतं, हराळीला वाट नाही. तिथे सूज येते, आतल्या आत रक्त झिरपतं, व्रण होतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात, नसा चिडतात. बीजांडकोशात जुनं रक्त साठलं तर ते पातळ चॉकलेटसारखं दिसतं, म्हणून त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

ही हराळी येते कुठून? जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांच्या पोटात जातं आणि आजार मात्र दहांतल्या एकीलाच होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता अशी आणखीही कारणं असणार, आणि त्यांचा शोध अजून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना हा आजार आहे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर शक्यता वाढते. आपल्याकडे याची गंमत अशी होते की आई म्हणते, "मलाही असंच दुखायचं, सगळ्यांनाच दुखतं." सगळ्यांना नसतं दुखत असं. कदाचित मायलेकी दोघींना एकच आजार असतो आणि आईला तो कुणी सांगितलेलाच नसतो.

शंकेवर औषध का? आधी खात्री का करत नाहीत?

ही शंका रास्त आहे. मलेरिया आहे का, ते रक्त तपासून कळतं. इथे तशी चाचणीच नाही. सीए-१२५ नावाची रक्ततपासणी कधीकधी लिहून देतात, पण तिच्यावरून या आजाराचं निदान होत नाही. आणि ती कॅन्सरसाठीही वापरतात असं मोबाईलवर वाचून घरचे दोन रात्री झोपत नाहीत, ते वेगळंच.

सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते. खोलवर गेलेला आजार अनुभवी डोळ्यांना सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसू शकतो. पण पोटाच्या आवरणावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. शिवाय अविवाहित मुलीची सोनोग्राफी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच करतात, योनीमार्गातून करत नाहीत, त्यामुळे चित्र आणखी धूसर येतं. थोडक्यात, रिपोर्टवर सगळं नॉर्मल लिहून आलं म्हणजे आजार नाही असं होत नाही. त्या वाक्याने किती मुलींना खोटं ठरवलंय!

मग डोळ्यांनी बघायचं कसं? बेंबीजवळ छोटा छेद देऊन दुर्बीण आत घालायची, तुकडा काढून तपासायचा. ही लॅपरोस्कोपी. वर्षानुवर्षं नियम असाच होता: आधी दुर्बीण, मग औषध. त्यात भूल आली, खर्च आला, ऑपरेशनचे धोके आले, आणि कोवळ्या मुलीचं पोट उघडायला, भले ते भोकापुरतं का असेना, कोण पटकन तयार होणार? त्यामुळे पहिल्या दुखण्यापासून निदानापर्यंत सात-आठ वर्षं सहज जात. अनेक देशांत अजूनही जातात.

२०२२ मध्ये युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एश्रेने, मार्गदर्शक सूचना बदलल्या. लॅपरोस्कोपी आता निदानाची अंतिम कसोटी मानायची नाही. लक्षणं जुळत असतील तर औषध सुरू करता येतं. सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही दिसलं नाही, औषधाने उतार पडला नाही किंवा औषध देणं योग्य नसेल, तर दुर्बीण. तुमच्या डॉक्टर "घेऊन बघू" म्हणतात तेव्हा त्या अंधारात तीर मारत नसतात.

यात एक मेख आहे. गोळीने दुखणं थांबलं म्हणून एंडोमेट्रिओसिस होता असं सिद्ध होत नाही, कारण साधं पाळीचं दुखणंही तिने थांबतं. आणि नाही थांबलं म्हणून तो नव्हता असंही नाही. गोळी ही चाचणी नाही, उपचार आहे. ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवी, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते.

गोळी नेमकं काय करते?

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत दोन हार्मोन्स असतात: थोडं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनची कारखान्यात बनवलेली बहीण. रोज ठरावीक मात्रा मिळत राहिली की मेंदूला वाटतं, चाललंय सगळं व्यवस्थित. तो बीजांडकोशाला हुकूम सोडत नाही. बीज बाहेर पडत नाही. हार्मोन्सची महिन्याची भरती-ओहोटी थांबते. प्रोजेस्टिनमुळे अस्तर पातळ राहतं, म्हणून रक्तस्राव कमी होतो. आणि अस्तर कमी म्हटल्यावर प्रोस्टाग्लँडिनही कमी. गर्भाशय पिळवटून कळा आणणारं रसायन ते हेच. मेफ्टालसारख्या गोळ्याही त्यावरच काम करतात, पण त्या ते बनू लागल्यावर अडवतात आणि ही मुळात बनूच कमी देते.

आपल्या शेतात सांगायचं तर पाटाचं दार आपण आपल्या हाताने धरलं. रोज ओंजळभर पाणी, कमी नाही, जास्त नाही. वाफा हिरवागार होत नाही आणि बांधाबाहेरची हराळीही माजत नाही. मात्र ती मुळासकट निघालेली नसते, सुकून पडलेली असते. दार उघडलं की पुन्हा फुटू शकते. गोळी बंद केल्यावर दुखणं परत आलं तर औषध फसलं असं नाही, त्याचं काम तेवढंच होतं.

पुराव्याबद्दलही खरं ते सांगायला हवं. जपानमध्ये काही स्त्रियांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी देऊन तुलना केली होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खऱ्या गोळीने पाळीतलं दुखणं स्पष्ट कमी झालं. तरी असे काटेकोर अभ्यास अजून थोडेच आहेत. सगळ्यांना गुण येत नाही, साधारण तिघी-चौघींत एकीला पुरेसा येत नाही.

पण ही तर कुटुंबनियोजनाची गोळी!

हो. आणि तिचा जन्मदाखला पाहिला तर चकित व्हाल. जगातली पहिली गर्भनिरोधक गोळी एनोविड. अमेरिकेत तिला १९५७ मध्ये पहिली परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली १९६० मध्ये. त्याआधीच, १९५०च्या दशकात, रॉबर्ट किस्टनर नावाचे डॉक्टर एंडोमेट्रिओसिससाठी हार्मोन्स सलग देऊ लागले होते. म्हणजे पाळीच्या दुखण्यासाठी ही गोळी वापरणं हा काही नवा उद्योग नाही.

माला-डी हे नाव रेडिओ-दूरदर्शनच्या जाहिरातींमुळे आपल्याला पाठ आहे. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल इस्ट्राडिओल हीच जोडी असते, आणि सरकारी केंद्रांत फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्येही तीच. महागड्या, नक्षीदार पाकिटातल्या गोळ्यांत प्रोजेस्टिन वेगळं असू शकतं, काहींना ते जास्त मानवतंही, पण तत्त्व एकच. दोन गोष्टींची मात्र गल्लत नको. आठवड्याला घ्यायची 'छाया' वेगळी, तिच्यात हार्मोन नसतं. आणि संबंधानंतर घाईने घ्यायची तातडीची गोळी तर अगदीच वेगळी. ती दर महिन्याला दुखण्यावर घ्यायची नसते.

लग्न झालंय का, संबंध आहेत का, याचा या औषधाशी संबंध नाही. मिरगीचं औषध लोक मायग्रेनवर घेतात, तेव्हा कुणी त्यांना मिरगीचे रुग्ण म्हणत नाही.

पाळीच आली नाही तर घाण रक्त साठणार नाही का?

हा प्रश्न आज्या विचारतात, आणि एमबीए झालेल्या मुलीही विचारतात.

माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ हार्मोनच्या, उरलेल्या ७ लोहाच्या. त्या सात दिवसांत जे रक्त जातं ती खरी पाळी नसतेच. हार्मोन अचानक थांबलं म्हणून पातळ अस्तर सुटतं, इतकंच. एंडोमेट्रिओसिसमध्ये तेच सात दिवस त्रासाचे ठरतात, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा लोहाच्या गोळ्या वगळून पुढचं पाकीट लगेच सुरू करायला सांगतात. दोन-तीन पाकिटं सलग, किंवा त्याहून जास्त.

अशा वेळी रक्त आत साठत नाही, कारण अस्तर वाढलेलंच नसतं. धरणात पाणीच आलं नाही तर सोडणार काय? आणि पाळीचं रक्त घाण नसतं, हे एकदा सांगून पुढे जाते.

ज्या आजीला हे अनैसर्गिक वाटतं तिलाच विचारा. तिला पाळी उशिरा आली, मग सहा-सात बाळंतपणं, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षं अंगावर पिणारं. ढोबळ हिशोबाने तशा आयुष्यात शंभर-दीडशे पाळ्या येत. आजच्या मुलीला चारशेच्या आसपास येतात. दर महिन्याला न चुकता पाळी, वर्षानुवर्षं, हीच माणसाच्या इतिहासातली नवी गोष्ट आहे.

पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग जातात. त्याला घाबरून बऱ्याच जणी दुसऱ्याच महिन्यात गोळी सोडतात. डाग खूप असतील, थांबत नसतील, तर जरूर दाखवा. थोडे असतील तर शरीर जुळवून घेतंय.

पुढे मूल होईल ना?

आयांची खरी भीती ही असते. गोळीने वंध्यत्व येत नाही. थांबवली की बहुतेकींचं चक्र एक ते तीन महिन्यांत सुरू होतं, आणि मूल हवं असणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास बायकांना वर्षभरात दिवस जातात. गोळी कधीच न घेतलेल्यांमध्येही प्रमाण साधारण तेवढंच असतं. अपवाद तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा, सरकारी योजनेत ज्याला 'अंतरा' म्हणतात. ते थांबवल्यावर दिवस जायला बरेच महिने लागू शकतात.

मूल व्हायला अडथळा आलाच तर तो आजाराचा असतो, गोळीचा नाही. पण उलटा गैरसमजही नको: गोळी घेतल्याने पुढे दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही. ज्या जोडप्याला आत्ता मूल हवंय त्यांच्यासाठी हा उपाय नाहीच.

आणि "लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं" हा सल्ला? गरोदरपणात काहींना आराम पडतो, कारण तेव्हाही पाळी बंद असते. पुढे दुखणं परतू शकतं. दुखणं थांबावं म्हणून मुलीचं लग्न लावणं हा उपचार नाही, त्यात आणखी एक माणूस ओढला जातो एवढंच.

कुणी घेऊ नये?

इथे मी मस्करी थांबवते.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळीचा मुख्य धोका म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी होणं. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, काही नव्या गोळ्यांनी नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो. म्हणजे धोका लहान आहे, पण आहे.

काही जणींसाठी तो लहान राहत नाही. पूर्वी गुठळी झालेली, रक्तदाब वाढलेला, पस्तिशीपुढे धूम्रपान करणारी, स्तनाचा कॅन्सर झालेला किंवा यकृताचा मोठा आजार असलेली, नुकतीच बाळंत झालेली, आणि अर्धशिशीआधी जिला डोळ्यांसमोर नागमोडी प्रकाशरेषा दिसतात ती स्त्री: यांनी ही गोळी घेऊ नये. मिशरी लावत असाल तर तेही सांगून टाका, डॉक्टर रागावल्या तरी चालेल. टीबीच्या औषधांपैकी रिफॅम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं या गोळीचा परिणाम कमी करतात. टीबी आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ओटीपोटाचा टीबीसुद्धा असंच दुखणं देतो, म्हणून तो इतिहास लपवू नका. एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, कधी नव्हे इतकी डोकेदुखी किंवा दिसायला कमी होणं, यांपैकी काही झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कॅन्सरचं काय? स्तनाच्या कॅन्सरची शक्यता गोळी चालू असताना किंचित वाढते आणि थांबवल्यावर हळूहळू ओसरते. बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची शक्यता मात्र घटते. वजनाबद्दल बोलबाला फार, पण तपासणीत या गोळीने मोठी वाढ दिसलेली नाही. मन उदास होणं काहींना खरंच जाणवतं. "तुझ्या मनाचे खेळ" म्हणून ते उडवून लावू नये, गोळी बदलून मिळते.

इस्ट्रोजेन चालत नसेल तर नुसतं प्रोजेस्टिनही मिळतं: डायनोजेस्टची रोजची गोळी, आपली ओळखीची नोरेथिस्टेरॉन, अंतरा इंजेक्शन, किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू. प्रत्येकाच्या आपापल्या खोड्या आहेत. अंतराने हाडं थोडी विरळ होतात, डायनोजेस्टने अवेळी डाग जातात.

पिशवीच काढून टाकली तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया बातम्यांत आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती बसली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कुणाला कोणता आजार होता हा वेगळा विषय. खाडा झाला की पैसे कापणारा मुकादम, फडात ना संडास ना पाणी, आणि पोटात दुखतंय म्हणताच कापायला तयार असलेला दवाखाना, असं ते सगळं मिळून घडलं होतं. पण त्यातून एक गोष्ट दिसते: आपल्याकडे बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्यावर दोनच उत्तरं तयार असतात. सहन कर, नाहीतर पिशवी काढ. मधे काही असतं, ते तिला कुणी सांगतच नाही.

आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये पिशवी काढूनही भागेल याची खात्री नसते. हराळी बांधाबाहेर आहे, तुम्ही वाफा खणून काढलात. बाहेरचे ठिपके तसेच राहिले आणि बीजांडकोश पाणी सोडत राहिले तर दुखणं उरतंच. नेमके ते ठिपके आणि गाठी दुर्बिणीतून काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी, ती कसबी हातांनी झाली तर खूप आराम देते. तिच्यानंतरही, लगेच मूल नको असेल तर, चॉकलेट सिस्ट पुन्हा होऊ नये म्हणून बऱ्याचदा हीच गोळी देतात.

तीन महिने कसे मोजायचे?

डॉक्टर साधारण तीन महिने देतात, कधी सहा. तेवढ्यात उतार नसेल तर "आणखी थोडं बघू" वर वर्ष काढू नका. दुसरी गोळी, नुसतं प्रोजेस्टिन, एमआरआय, लॅपरोस्कोपी, पुढची वाट विचारा. शौचाला किंवा लघवीला पाळीच्या दिवसांत जीव जाईल असं दुखत असेल, संबंधांच्या वेळी आत खोल दुखत असेल, तर लाज बाजूला ठेवून तेही सांगा. आजार कुठे बसलाय याचा माग त्यावरूनच लागतो.

आणि आठवणीवर विसंबू नका. दुखणं ओसरलं की ते किती होतं हे आपण विसरतो, डॉक्टरांसमोर "तसं बरं आहे" म्हणून मोकळ्या होतो. बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं आणि पाळीच्या तारखेभोवती गोल करायची सवयही असते. त्याच चौकोनात शून्य ते दहा एक आकडा लिहा, किती दुखलं त्याचा. वेदनाशामक घेतली तर फुली. कॉलेज किंवा काम बुडलं तर 'सु'. गोळी सुरू करण्याआधीचा एक महिना आणि नंतरचे तीन. मग ती चारही पानं फाडून पर्समध्ये घालून दवाखान्यात न्या, मागच्या बाजूला पाककृती असल्या तरी चालेल.